नावाचे पैसे दिले, कामाचे कधी देणार?

6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे 280 कोटी डॉलर, आणि सध्याच्या खेळाडूंना पहिल्या वर्षी एका विद्यापीठाकडून जास्तीत जास्त 2 कोटी 5 लाख डॉलर. तेव्हापासून दोन सूर कानावर येतात. एक म्हणतो, मिटला प्रश्न, पोरांना पैसे मिळाले, आता आणखी काय हवं? दुसरा म्हणतो, कॉलेजच्या खेळाची वाट लागली, शिकायला आलेल्या मुलांच्या हातात पैसा देऊन शतकभराची परंपरा बुडवली. वरवर पाहता हे सूर एकमेकांच्या विरोधात आहेत. पण हे खेळाडू विद्यापीठाचे कर्मचारी नाहीत आणि त्यांनी कधी होऊ नये, यावर दोघांचं पूर्ण एकमत आहे. माझा विरोध आहे तो या एकमताला.

हे पैसे कशाचे आहेत ते आधी नीट वाचलं पाहिजे. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपलं नाव, छबी आणि प्रसिद्धी वापरू देण्याबद्दल बाहेरच्या कंपन्यांकडून मोबदला घेता येऊ लागला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एनआयएल’ म्हणतात. 2025 च्या तडजोडीनंतर विद्यापीठही पैसे देऊ लागलं, पण करारात ते लिहिले जातात नाव-छबी वापरल्याचे. पहाटेच्या सरावाचे ते नसतात आणि लाखभर प्रेक्षकांसमोर समोरचा सव्वाशे किलोंचा गडी अंगावर घेतल्याचेही नसतात. त्यामुळे पैसा आला, तरी पैशाच्या मागोमाग जे यायला हवं होतं ते आलंच नाही. कामावर असताना इजा झाली तर कायद्यानं मिळणारी भरपाई नाही, किमान वेतन नाही, संघटना बांधून सामुदायिक वाटाघाट करण्याचा हक्क नाही. ती 2 कोटी 5 लाखांची कमाल मर्यादा ठरली तेव्हाही वाटाघाटीला वकील होते, खेळाडूंची संघटना नव्हती.

हा नकार आजचा नाही. त्याचा उगम कोलोरॅडोत सापडतो. अर्नेस्ट नेमेथ हा डेन्व्हर विद्यापीठाचा फुटबॉलपटू (अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धडका देत खेळायचा खेळ) सरावात जायबंदी झाला. 1953 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो विद्यापीठाचा कर्मचारी असल्याचं मान्य केलं आणि कामगार म्हणून त्याला भरपाई दिली. दोन वर्षांनी त्याच राज्यातल्या फोर्ट लुईस ए अँड एम या लहानशा कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनं कामगार-भरपाई मागितली. 1957 साली त्याच न्यायालयानं ती नाकारली. कॉलेजचा धंदा काही फुटबॉल नाही, असा तो युक्तिवाद होता.

या दोन निकालांच्या मधल्या काळात एनसीएएचे, म्हणजे कॉलेज क्रीडा स्पर्धांचं नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे प्रमुख वॉल्टर बायर्स आणि त्यांचे वकील एक नवी संज्ञा घडवत होते: ‘विद्यार्थी-खेळाडू’. ती नियमावलीत घातली गेली, कॉलेजांच्या पत्रकांत सक्तीनं वापरली गेली आणि पुढची सत्तर वर्षं कोर्टात ढालीसारखी पुढे केली गेली. खेळाडू नोकर ठरतील आणि भरपाई द्यावी लागेल, या धास्तीपोटी ती घडवली हे मी तर्कानं सांगत नाही. 1951 पासून 1987 पर्यंत संस्थेचा कारभार हाकलेल्या बायर्स यांनी स्वतःच 1995 साली पुस्तक लिहून ते मान्य केलं, आणि ज्या व्यवस्थेची त्यांनी उभारणी केली तिची तुलना गुलामांच्या मळ्यांशी केली. ही परंपरा पवित्र आहे असं जे सांगतात त्यांनी तिच्या जनकाची ही साक्ष वाचावी.

या संज्ञेची किंमत कुणी मोजली? केंट वॉल्ड्रेप टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाकडून खेळत होता. 1974 साली अलाबामाविरुद्धच्या सामन्यात त्याचा मणका दुखावला आणि तो कायमचा अपंग झाला. पुढे त्यानं कामगार-भरपाईसाठी दावा लावला. 1993 मध्ये राज्याच्या आयोगानं त्याच्या बाजूनं कौल दिला, विमा कंपनी कोर्टात गेली, ज्युरीनं तो कर्मचारी नसल्याचं ठरवलं आणि 2000 साली अपील न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. सव्वीस वर्षं हा माणूस चाकाच्या खुर्चीत होता, आणि कोर्टात वाद चालला होता तो त्याला काय म्हणायचं याचा.

आता नेहमीचा आक्षेप घेऊ. त्यांना शिष्यवृत्ती मिळतेच ना? फी माफ, राहणं-जेवण फुकट, वर अमेरिकन विद्यापीठाची पदवी. लाखो डॉलरचं शिक्षण पदरात पडल्यावर आणखी पगार कशाला?

हा प्रश्न मला मराठी घरांतही ऐकू येतो, आणि तिथे तो ऐकून आश्चर्य वाटतं. कारण त्याचं उत्तर इतर कुणाहीपेक्षा आपल्याला जास्त चांगलं ठाऊक आहे. पुण्या-मुंबईहून, नागपुराहून, पणजीहून एमएस किंवा पीएचडीला गेलेल्या मुलाच्या आईवडिलांना विचारा. पोराला टीए (अध्यापन-साहाय्यकाचं काम) मिळाली, म्हणजे काय झालं? फी माफ झाली, आणि शिवाय दरमहा पैसे मिळू लागले. तो प्राध्यापकाच्या वर्गाचे पेपर तपासतो, प्रयोगशाळेत राबतो आणि त्या बदल्यात दोन्ही घेतो. फी माफ झाली ना, मग पगार कशाला मागतोस, असं त्याला कुणी म्हणत नाही. पैसे घेतल्यानं त्याचं शिक्षण बाटलं असंही कुणाला वाटत नाही. 2016 साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात राष्ट्रीय कामगार संबंध मंडळानं खाजगी विद्यापीठांतले असे संशोधक-शिक्षक विद्यार्थी कर्मचारीच असल्याचं ठरवलं. 2022 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे 48 हजार शैक्षणिक कामगार संपावर गेले आणि पगारवाढ घेऊनच परतले. विद्यापीठ बुडालं नाही, पदव्यांची किंमतही उतरली नाही.

बरं, पदवीच्या पहिल्या वर्षातला मुलगा घ्या. तो ग्रंथालयाच्या काउंटरवर बसतो, किंवा भोजनगृहात ताटं वाढतो, त्याला ताशी पैसे मिळतात. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी मुलालाही सत्राच्या काळात आठवड्याला वीस तासांपर्यंत असं काम कायद्यानं करता येतं. म्हणजे त्याच आवारात, त्याच वयाचा विद्यार्थी स्टेडियमच्या दारावर तिकिटं फाडत असेल तर तो कर्मचारी. ज्याला बघायला ती तिकिटं विकली गेली, तो मात्र कर्मचारी नाही. या फरकाचं एकही समाधानकारक कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आणि पदरात पडतं म्हणतात ते शिक्षण तरी पुरतं पडतं का? 2014 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी संघटनेसाठी अर्ज केला. कामगार मंडळाचे प्रादेशिक संचालक पीटर ओर यांनी साक्षी-पुरावे ऐकून खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला. त्यात दिवसाचा हिशेब आहे. हंगामात आठवड्याला चाळीस ते पन्नास तास फुटबॉलला जातात, हंगामाआधीच्या शिबिरात त्याहून जास्त. कुठे राहायचं, बाहेर काम करायचं का, समाजमाध्यमांवर काय लिहायचं, यावर प्रशिक्षकाची नजर. संघाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी लागणारा रसायनशास्त्राचा वर्ग सकाळच्या सरावाच्या वेळी येत होता. वर्ग राहिला, तो मागे पडला आणि शेवटी त्यानं मानसशास्त्र घेतलं. शिष्यवृत्तीच्या बदल्यात शिक्षण मिळतं, हे म्हणणं या मुलापुढे टिकत नाही. त्याच्या हातून शिक्षण गेलं ते फुटबॉलच्या वेळापत्रकामुळे. केंद्रीय मंडळानं 2015 साली या प्रकरणात आपलं अधिकारक्षेत्र वापरायलाच नकार दिला. ते कर्मचारी नाहीत, असं मात्र मंडळानं कधीही म्हटलं नाही.

नियमाप्रमाणे आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, याची आठवण एनसीएए करून देते. त्या नियमाची मोजणी अशी: सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीन तासांचा धरायचा. बसमधला, विमानातला, हॉटेलातला वेळ हिशेबात नाही.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं प्रकरण याहून गंभीर आहे. 1993 ते 2011 या अठरा वर्षांत तिथे असे अभ्यासक्रम चालले की वर्ग भरत नसे, शिक्षक शिकवत नसत, शेवटी एक निबंध दिला की झालं, आणि गुण द्यायची विभागाच्या कार्यालयातली कर्मचारी. 2014 च्या चौकशी अहवालानुसार 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते. 2017 साली एनसीएएनं शिक्षा करायला नकार दिला, कारण काय, तर हे वर्ग सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते! शिक्षण हाच ज्यांचा मोबदला असल्याचं सांगितलं जातं, त्यांना तोही खोटा दिला गेला, आणि त्या मोबदल्याची राखणदार म्हणवणाऱ्या संस्थेनं हात झटकले.

याच संस्थेची नजर इतरत्र मात्र फार बारीक होती. एके काळी कॉलेजनं खेळाडूला मधल्या वेळेला बेगल, म्हणजे तो भोकाचा पाव, दिला तर चाले. त्यावर क्रीम चीज फासलं की ते जेवण ठरे आणि नियमभंग होई. 2010 साली जॉर्जिया विद्यापीठाचा ए. जे. ग्रीन यानं स्वतःची जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामन्यांसाठी बसवलं. 2014 साली कनेक्टिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या शबाझ नेपियरनं सांगितलं, की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. त्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क तेव्हा चौदा वर्षांसाठी 1,080 कोटी डॉलरला विकले गेले होते. हौशी खेळाचं पावित्र्य जपायचं ओझं फक्त खेळणाऱ्याच्या पोटावर का, हे मला कळत नाही.

पावित्र्याची ही कल्पना मुळात वर्गभेदाची आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला हौशी नौकास्पर्धांतून नियमानंच वगळलं जाई. ज्याचं घरी भागतं तो निखळ प्रेमापोटी खेळतो, आणि ज्याला चार पैसे लागतात तो खेळ विटाळतो, अशी ती समजूत. अमेरिकेचा जिम थॉर्प हा मूलनिवासी विद्यार्थी सुट्टीत किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळला होता, म्हणून 1912 च्या ऑलिम्पिकमधली त्याची दोन सुवर्णपदकं पुढच्याच वर्षी काढून घेतली. ऑलिम्पिकनं ती कल्पना केव्हाच सोडून दिली. उरली ती अमेरिकन कॉलेजांत, आणि 2021 साली ‘ऑल्स्टन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी शिक्षणाशी निगडित लाभांवरचे तिचे निर्बंध बेकायदा ठरवले. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळ्या निकालपत्रात बजावलं, की कामगारांना वाजवी मजुरी न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य, असा बचाव अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही धंद्यात चालला नसता. हे न्यायमूर्ती काही कामगार चळवळीतून आलेले नाहीत.

मग म्हणतात, पैसा कुठे आहे? बहुतेक विद्यापीठांचे क्रीडा विभाग तोट्यात चालतात. पगार दिले तर पोहणं, कुस्ती, टेनिस, जिम्नॅस्टिक्स बंद पडतील. पॅरिस ऑलिम्पिकला गेलेल्या अमेरिकन पथकातले सुमारे तीन-चतुर्थांश खेळाडू कॉलेजातून घडलेले होते, तो कारखानाच बंद पडेल.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. तोटा खरा आहे आणि अनेक ठिकाणी तो साध्या विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून काढला जातो. पण तोटा कशानं झाला? टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं नोव्हेंबर 2023 मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढून टाकलं, आणि करार मोडल्याबद्दल त्यांना सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर देणं मान्य केलं. न शिकवण्याचे. आपली ऋतुजा भोसले, जिनं पुढे रोहन बोपण्णाबरोबर एशियाडचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, ती याच विद्यापीठाकडून टेनिस खेळली आहे. तिच्यासारख्या खेळाडूंच्या संघाला धोका पगारांमुळे आहे की अशा करारांमुळे, याचा विचार व्हावा. क्लेमसननं 2017 साली 5.5 कोटी डॉलर खर्चून फुटबॉलपटूंसाठी जी इमारत बांधली तिच्यात घसरगुंडी आणि मिनी गोल्फ आहे. खेळाडूला रोख देता येत नाही, पण त्याला आपल्याकडे ओढायचं आहे, म्हणून तो पैसा सिमेंटमध्ये आणि प्रशिक्षकांच्या खिशात गेला. बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसून विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक आहे. मजुरी गोठवली की वाचलेला पैसा तळाशी झिरपत नाही. तो वर जातो, आणि इथे तो वर गेलेला दिसतो आहे.

लहान खेळांची कळकळ तर 2024 च्या ऑगस्टमध्येच उघडी पडली. प्रक्षेपण हक्कांच्या जास्त पैशाच्या लोभानं लॉस एंजेलिसची दोन्ही बडी विद्यापीठं ‘बिग टेन’ या मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांच्या स्पर्धा-गटात गेली. त्या गटाचा प्रक्षेपण करार सात वर्षांचा, 700 कोटी डॉलरहून अधिक. पॅसिफिकच्या काठचं स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेलं. या दोन किनाऱ्यांमधलं अंतर न्यू जर्सीतल्या आणि बे एरियातल्या मराठी कुटुंबांना सांगायला नको. फुटबॉल आठवड्यातून एकदाच होतो. पण व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली आता गटाच्या सामन्यांसाठी ऐन सत्रात खंडाच्या या टोकाहून त्या टोकाला जातात आणि परत येऊन परीक्षा देतात. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारावं लागलं असतं, जर त्यांची संघटना असती.

परदेशी खेळाडूंचा मुद्दाही काढतात, की कर्मचारी ठरवलं तर त्यांच्या विद्यार्थी व्हिसाचं काय? अडचण आहे, पण आजची स्थिती काय आहे? पर्ड्यूचा झॅक एडी हा कॅनडाचा, लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, आणि व्हिसामुळे त्याला अमेरिकेत ‘एनआयएल’चा फायदा इतरांसारखा घेताच आला नाही. म्हणजे सध्याची नावापुरती व्यवस्थाही परदेशी मुलांना बाहेरच ठेवते. ज्या कायद्यानं टीएला वाट दिली, तोच कायदा खेळाडूला देऊ शकतो.

स्त्री खेळाडूंचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, आणि माझ्या बाजूचे लोक तो पुष्कळदा टाळतात. सगळा महसूल फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल आणतं, म्हणून वाटाही त्यांनाच, असा हिशेब झाला तर 1972 च्या ‘टायटल नाइन’ या शिक्षणातल्या लिंगभेदाला मनाई करणाऱ्या कायद्यानं मुलींनी जे मिळवलं ते पातळ होईल. आणि तसंच होतं आहे. तडजोडीतली जुनी भरपाई बहुतांश या दोन खेळांच्या पुरुषांकडे जाते, आणि पुढच्या वाटपातही अनेक विद्यापीठं तेच प्रमाण धरून चालली आहेत.

पण महसूल म्हणजे काय, तो कोण ठरवतं? एनसीएएनं महिला बास्केटबॉल स्पर्धेचे हक्क वर्षानुवर्षं इतर स्पर्धांच्या गठ्ठ्यात बांधून स्वस्तात विकले. 2021 साली सॅन अँटोनियोत भरलेल्या स्पर्धेत महिला संघांना व्यायामासाठी डंबेलचा एक छोटा स्टँड दिला होता. ऑरेगनची सेडोना प्रिन्स हिनं तो आणि पुरुषांची भव्य व्यायामशाळा शेजारी शेजारी दाखवणारा व्हिडिओ टाकला, तेव्हा कुठे चौकशी बसली. 2024 मध्ये केटलिन क्लार्कच्या आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांच्यातली अंतिम लढत 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिली. पुरुषांची अंतिम लढत पाहिली 1 कोटी 48 लाखांनी. तरीही, जिंकलेल्या सामन्यांमागे गटांना पैसा देण्याची जी पद्धत पुरुषांच्या स्पर्धेत अनेक दशकं चालू आहे, ती महिलांसाठी 2025 साली प्रथम सुरू झाली. मुलींचा खेळ कमी कमावतो, असं जे म्हणतात त्यांनीच त्याची किंमत कमी लावली. वाटप प्रशासनाच्या मर्जीवर सोडलं तर हे असंच चालू राहील. सामुदायिक करारात स्त्रियांचा वाटा आपोआप न्याय्य होईल असा माझा दावा नाही, पण तो निदान उघडपणे मागता येईल, आणि कर्मचाऱ्याला समान वेतनाचा कायदा हाताशी असेल.

दरवर्षी संघ बदलणाऱ्या मुलांबद्दलची तक्रार मी थोडक्यात संपवतो. निष्ठा राहिली नाही म्हणतात. 2021 च्या नोव्हेंबरात नोत्र दामचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीत असतानाच प्रशिक्षक ब्रायन केली लुइझियाना स्टेटला निघून गेले. प्रशिक्षकाला बांधून ठेवतो तो करार, आणि तो मोडला तर भुर्दंड पडतो. खेळाडूंशीही नोकरीचा मुदतबंद करार करा, आणि हा गोंधळ आटोक्यात येईल. गोंधळ नको म्हणायचं आणि करारही नको म्हणायचा, हे दोन्ही एका तोंडानं कसं म्हणता येईल?

आता शरीराकडे येतो, कारण डेनिसनच्या विधवेचा दावा शरीराचाच होता. मे 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठात सरावाच्या धावा काढताना एकोणीस वर्षांचा जॉर्डन मॅकनेर उष्माघातानं कोसळला. थंड पाण्यात बसवण्याचा साधा, सर्वज्ञात उपचार त्याच्यावर झाला नाही, आणि दोन आठवड्यांनी तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली. प्रशिक्षकाला काढलं तेव्हा त्याच्या कराराचे 50 लाखांहून अधिक डॉलर देणं लागत होते. कुटुंबाला 35 लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली ती 2021 च्या जानेवारीत. मला या रकमांपेक्षा सरावाचा तो दिवस महत्त्वाचा वाटतो. ज्याची जागा, तास, खाणं आणि शिष्यवृत्ती एकाच माणसाच्या हातात आहे, तो मुलगा ‘आता नाही धावत’ असं कसं म्हणेल? कारखान्यात कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा कायदा असतो, संघटनेचा प्रतिनिधी असतो. मैदानावर त्या दिवशी यातलं कुणी नव्हतं.

ऑगस्ट 2024 पासून एनसीएएनं खेळ संपल्यावर दोन वर्षांपर्यंत जुन्या दुखापतींच्या उपचाराचा विमा लागू केला आहे. चांगलं झालं. पण 2017 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंपैकी कॉलेजपर्यंत फुटबॉल खेळलेल्या 53 जणांतल्या 48 जणांच्या मेंदूत सीटीई हा वारंवारच्या आघातांनी होणारा विकार सापडला. मेंदू बहुधा त्रास दिसलेल्यांच्या कुटुंबांनी दान केले होते, म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येणार नाही. तरीही हा विकार चाळिशी-पन्नाशीत डोकं वर काढतो, आणि विमा बाविसाव्या-चोविसाव्या वर्षी संपतो. एनसीएएच्या छत्राखाली खेळणाऱ्या पाच लाखांहून अधिक मुलामुलींपैकी अगदी मूठभर पुढे व्यावसायिक होतात. बाकीच्यांच्या अंगातल्या त्या कौशल्याला बाजारात किंमत असते ती हीच चार वर्षं.

या मुलांना कर्मचारी म्हणायचं की नाही, हे ठरवायला कोर्टं आता कुठे तयार होऊ लागली आहेत. जुलै 2024 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय अपील न्यायालयानं सांगितलं, की खेळाडू किमान वेतन कायद्याखाली कर्मचारी असू शकतात, खालच्या कोर्टानं कसोट्या लावून पाहावं. नेमक्या याच वेळी एनसीएएनं संसदेचं दार ठोठावलं आहे. 2025 साली प्रतिनिधिगृहात मांडलेलं ‘स्कोअर’ विधेयक खेळाडूंना कर्मचारी मानायला मनाई करतं आणि मक्तेदारीविरोधी खटल्यांपासून एनसीएएला संरक्षण देतं. कोर्टात हरत आलेली बाजू आता कायदाच बदलून मागते आहे.

एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर म्हणतात, की खेळाडूंनाच कर्मचारी व्हायचं नाही. तसं असेलही. मग त्यांना मत देऊ द्या. न्यू हॅम्पशरमधल्या डार्टमथ कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघानं दिलं होतं. तिथे क्रीडा शिष्यवृत्तीच नाही. संघातला एक खेळाडू कॉलेजच्या भोजनगृहात काम करायचा, आणि तिथल्या विद्यार्थी-कामगारांनी संघटना करून आपली मजुरी वाढवून घेतलेली त्यानं पाहिली होती. 5 मार्च 2024 रोजी संघानं 13 विरुद्ध 2 मतांनी संघटनेच्या बाजूनं कौल दिला. कॉलेजनं वाटाघाटीला बसायला नकार दिला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी संघटनेनं अर्ज मागे घेतला, कारण सत्ताबदलानंतर नेमलं जाणारं नवं कामगार मंडळ निकाल फिरवेल आणि तो सगळ्याच खेळाडूंवर उलटेल, अशी भीती होती. खेळाडूंचा विचार बदलल्याचं कुणी म्हटलं नाही. ‘स्कोअर’ विधेयक मंजूर झालं, तर असं मतदान पुन्हा घेण्याचा प्रश्नच उरणार नाही.